मुलीला लघवीचा रिफ्लक्स आहे, सोनोग्राफी नॉर्मल आली तर औषध बंद करायचं का?

ताई, मुलगी दोन वर्षांची, डावीकडे ग्रेड ३ चा रिफ्लक्स (म्हणजे लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडं जाणं, ग्रेड १ ते ५, आकडा मोठा तसा जास्त), परवाची सोनोग्राफी नॉर्मल, मग इन्फेक्शन होऊ नये म्हणून देतात तो अँटीबायोटिकचा रात्रीचा डोस थांबवू का आणि ती नळी घालायची टेस्ट परत करावी लागते का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही हो, खानापूरकडची आहे, आमच्या पोरीचं पाच वर्षं हेच चाललं होतं म्हणून लिहायला बसले. पहिलं सांगते, डोस आपल्या मनानं बंद करू नका. मी केला होता.

आमची चौदा महिन्यांची असताना ताप यायला लागला, सर्दी नाही खोकला नाही, सगळे म्हणायचे दात येताहेत, सासूबाईंनी दृष्ट पण काढून झाली, एका डॉक्टरांनी लघवी न तपासताच अँटीबायोटिक दिलं, तीन दिवस बरं की परत ताप. शेवटी बेळगावला नेलं तेव्हा लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढतात का बघायची तपासणी) इन्फेक्शन निघालं आणि सोनोग्राफीत (इकडं सगळे स्कॅनिंगच म्हणतात) डावी किडनी जराशी सुजलेली दिसली. मग एमसीयू केली, म्हणजे लघवीच्या जागेतून बारीक नळी घालून मूत्राशयात डाय भरतात आणि बाळ शू करताना एक्सरे काढतात, त्यात लघवी उलटी किडनीकडं जाताना दिसली. पोरगी रडली, मी बाहेर बसून तिच्यापेक्षा जास्त रडले.

पुढच्या सोनोग्राफीत सूज नाही असं आलं आणि मला वाटलं सुटलो. औषध बंद. दीड महिन्यात, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे घरात भरलेले आणि हिला १०३ ताप.

तेव्हा सोनोग्राफीवाल्या मॅडमनी नीट समजावलं ते तुम्हालाही सांगते. साध्या सोनोग्राफीत पाइप, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, फुगलाय का ते दिसतं, पण लघवी उलटी गेली का ते सहसा दिसत नाही, ती उलटी जाते मूत्राशय भरताना नाहीतर शू करताना. ग्रेड १, २ मध्ये तर पाइप फुगतच नाही, आणि ग्रेड ३ वाल्याचाही रिपोर्ट कधीकधी नॉर्मल येतो. मग दर सहा महिन्यांनी कशाला करतात? किडनी वाढतेय का ते बघायला. वर्षाच्या बाळाची साधारण सहा सेंटिमीटर असते, पुढं वयाप्रमाणं वाढायला पाहिजे. म्हणून रिपोर्टमधलं नुसतं नॉर्मल वाचू नका, दोन्ही किडन्यांची लांबी वहीत लिहून ठेवा, एक मागं पडायला लागली तर डॉक्टरांना दाखवा. माणूस बदलला की दोनचार मिलिमीटर इकडंतिकडं होतात, तेव्हा शक्यतो एकाच ठिकाणी करा. मूत्राशय भरलेलं असताना एकदा आणि शू झाल्यावर एकदा बघायला सांगा, आत किती उरते ते कळतं. आम्ही बाटलीभर पाणी पाजून न्यायचो आणि ही नेमकी रिक्षातच सोडायची.

किडनीवर व्रण पडलाय का हे सोनोग्राफीत नीट कळत नाही, बारके व्रण सुटतात, त्याला डीएमएसए स्कॅन (शिरेतून थोडं किरणोत्सर्गी औषध देऊन काढलेला किडनीचा फोटो) लागतो आणि तोही इन्फेक्शन होऊन चारसहा महिने गेल्यावर.

नळीबद्दल. एक्सरेशिवाय रिफ्लक्स बघायची सोनोग्राफी पण निघालीय, मूत्राशयात बारीक बुडबुड्यांचं औषध भरून बघतात, अमेरिकेत २०१६ ला मंजुरी मिळाली. रेडिएशन नाही ही चांगली गोष्ट, पण ताई नळी त्यातही घालावीच लागते, आणि सगळीकडं ही सोय नसते, विचारून बघा.

डोसबद्दल डॉक्टरांतही दोन मतं ऐकाल. २०१४ ला अमेरिकेत ६०७ मुलांचा मोठा अभ्यास आला, रोज डोस घेणाऱ्यांत इन्फेक्शन जवळजवळ निम्मं झालं, पण किडनीवरचे व्रण दोन्ही गटांत सारखेच. म्हणून कोणी म्हणतं द्या, कोणी म्हणतं नुसतं लक्ष ठेवा. आम्ही चार वर्षांची होईपर्यंत दिला, मग डॉक्टरांनीच थांबवला.

आमच्याकडं खरा फरक पडला तो बद्धकोष्ठ गेल्यावर, असं माझं मत. दूध-बिस्कीट कमी केलं, संडास साफ व्हायला लागली, अंगणवाडीत शू धरून बसायची ती सवय मोडली, दर दोनतीन तासांनी बसवायचं म्हणजे बसवायचं. पोट कडक राहिलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही हे मला आधी कोणी बोललंच नव्हतं.

आणि ताप आला की सोनोग्राफी कधी झाली होती ते बघत बसू नका, पहिलं युरीन कल्चर, मग अँटीबायोटिक. पावडर लावलेल्या अंगावर पिशवी चिकटवून घेतलेली लघवी बऱ्याचदा खोटं इन्फेक्शन दाखवते, आमचं एकदा असंच झालं.

धाकटं असेल तर त्याचंही डॉक्टरांना विचारा. भावंडांत साधारण चारातल्या एकाला सापडतो म्हणतात. आमच्या बारक्याची केली सोनोग्राफी, दोन्ही किडन्या सारख्या निघाल्या, त्याला अजून तरी कधी तसा ताप आला नाही.