वाचकांचे प्रश्न : फिश ऑइलची गोळी

प्रश्न : वय ५२, मधुमेह नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) २१० निघाले म्हणून रोज १००० मिलिग्रॅमची फिश ऑइलची एक गोळी घेतो. आकडा तसाच आहे, ढेकर मात्र माशाचे येतात. चालू ठेवू का?

उत्तर : बाटलीमागचा बारीक मजकूर वाचा. १००० हा आकडा एकूण तेलाचा. त्यातली कामाची ओमेगा-३ मेदाम्ले, ईपीए आणि डीएचए, साध्या गोळीत बहुधा १८० आणि १२०, म्हणजे जेमतेम ३०० मिलिग्रॅम. ट्रायग्लिसराइड २०-३० टक्के उतरवायला या दोन्हींचे मिळून रोज सुमारे ४ ग्रॅम लागतात, म्हणजे तुमच्या तेरा गोळ्या! असा डोस डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. जास्त मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

हृदयविकार टळेल म्हणून घेत असाल, तर २०१८ची ‘व्हायटल’ चाचणी पाहा. २५,८७१ जणांत रोज १ ग्रॅमच्या गोळीने हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात ठोस फरक पडला नाही.

ढेकरांसाठी एक गोळी कापून वास घ्या. खवट आला तर बाटली फेकून द्या, तेल हवेने बिघडले आहे. वास ठीक असेल तर गोळी भरपेट जेवणाबरोबर घ्या; रिकाम्या पोटी ढेकर येणारच.

तुमच्या आकड्याला मी तरी गोळी सुचवणार नाही. साखर, मैदा आणि दारू कमी करा, वजन जास्त असल्यास उतरवा, आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा (तळून नको, कालवण करा), आणि तीन महिन्यांनी उपाशीपोटी पुन्हा तपासा.