गादीखाली दडलेलं बक्कल

प्रश्न : माझं वय ६८. महिन्यातून एकदा आम्ही बडोद्याहून अहमदाबादला लेकीकडे जातो. मुलगा गाडी चालवतो, सूनबाई पुढे, मी मागे दीड वर्षाच्या नातवाला मांडीवर घेऊन. आता मुलगा म्हणतो, आई, तूही पट्टा लाव. साडी चुरगळते, गळ्याला काचतो, आणि मागच्यांना पोलीस कुठे विचारतात? शिवाय आमच्या गाडीत मागचं बक्कल सापडतच नाही.
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ताई, बक्कलाचं आधी सांगतो, कारण त्यात माझाही हात आहे. रावपुऱ्यात ३१ वर्षं गॅरेज चालवलं. नवी गाडी आली की पहिलं काम सीट कव्हरचं. मागची गादी उचलायची, बक्कलं खाली ढकलायची, वरून कव्हर ताणून बसवायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, पाछळ कोण बांधे छे?" म्हणजे मागे कोण बांधतं. मीही हसून मान डोलवायचो. किती गाड्या अशा दिल्या, मोजल्या नाहीत. तेव्हा मुलाला सांगा, गादी उचल आणि फटीतून बक्कल वर काढ. कव्हरला तिथे भोक नसेल तर कव्हरवाल्याकडून पाडून घ्या. दहा मिनिटांचं काम. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर तिथलं कव्हरही तपासा. साधं घट्ट कव्हर त्या पिशवीला बाहेर येऊ देत नाही.

आता पोलीस. पुढे तोंड करून बसलेल्या मागच्या प्रवाशालाही पट्टा सक्तीचाच आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने दंड १००० रुपये झाला, गुजरातने त्याच वर्षी तो ५०० वर आणला. पण पाचशे रुपयांच्या भीतीने पट्टा लावणाऱ्या माणसाशी मला वाद घालायचा नाही, त्याने लावला एवढंच पुरे.

ताशी ६० च्या वेगाने गाडी आपटली, तर तो धक्का सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौमजली घराच्या गच्चीवरून पडल्याइतका असतो. एक्सप्रेस हायवेच्या ९३ किलोमीटरांत साठने कोण जातं? गाडी थांबते, आपण थांबत नाही. मागचा मोकळा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो, म्हणजे तुमच्या सूनबाईवर. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला अहमदाबादकडून मुंबईला परतताना पालघरजवळ अपघातात गेले. गाडी महागडी होती. ते मागे होते, पट्टा नव्हता. पुढचे दोघे वाचले.

गळ्याला काचतो तो बहुधा पुढे सरकून बसल्यामुळे. पाठ गादीला टेकवा, खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर खाली. वरचा खांद्याच्या मधून. पदर त्याच्या आत नीट सारखा केला की साडी तेवढी चुरगळत नाही. हे मला माझ्या बायकोने शिकवलं, मला साडीतलं काय कळतंय?

नातवाबद्दल मात्र मी काही ऐकून घेणार नाही. हातात धरलेलं मूल धक्क्यात कुणालाच धरून ठेवता येत नाही, आजीलाही नाही. दोघांना मिळून एकच पट्टा तर मुळीच लावू नका, तुमच्या वजनाखाली तोच चेंगरेल. दीड वर्षाच्या मुलाला त्याची स्वतःची खुर्ची, मागच्या सीटवर, पाठीमागे तोंड करून. त्या वयात डोकं जड आणि मान कोवळी असते. पहिल्या दोन फेऱ्या तो आकांत करील. आणंद येईपर्यंत रडेल, नडियादला झोपेल.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे, पट्टा लावावा का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : लावावा. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या जवळ. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा कधीच नाही. बाकी लांबचा प्रवास करावा की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, गॅरेजवाल्याला नाही.