काखेतला कांदा

"सतरा मिस्ड कॉल, मॅडम. शिफ्ट सुटल्यावर लॉकर उघडला, फोन बघितला आणि पोटात गोळाच आला. म्हटलं, आईला काही झालं की काय. घाबरत फोन लावला, तर ही म्हणते, काही नाही, डोकं दुखतंय."

तो सांगत होता तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. लग्नाला चार वर्षं झालेली. मोशीत वन बीएचके. तो चाकणच्या एका कारखान्यात, ती पतसंस्थेत. शॉप फ्लोअरवर फोन न्यायला बंदी आहे, हे तिला पक्कं ठाऊक. "ठाऊक असून लावते," ती म्हणाली. "मैत्रिणी म्हणतात, तू अटेन्शन सीकर आहेस. मला खरंच काही आजार आहे का हो?"

समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, फक्त माणसं बदलतात. मलाच इतकं लक्ष का लागतं, बाकीच्यांचं त्याच्याशिवाय कसं भागतं? बाकीच्यांचंही भागत नाही. कुणी ते सरळ मागून घेतं, कुणाला न मागता मिळतं, आणि काहींना मागायची एकच रीत माहीत असते. 'अटेन्शन सीकर' हा शब्द मला मुळीच आवडत नाही. आपल्याकडे आधी 'नाटकं करते' म्हणत, तेच आता इंग्रजीत म्हणतात.

(तिला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मी अगदी पुस्तकी सल्ला दिला : निघताना, जेवणाच्या सुट्टीत आणि सुटल्यावर त्यानं दोन ओळींचा मेसेज टाकायचा. माणूस शिस्तीचा, त्यानं फोनमध्ये अलार्मच लावले. आठव्या दिवशी ती म्हणाली, "अलार्म वाजतो म्हणून पाठवतो. माझी आठवण आली म्हणून नाही." तो वैतागला, "नाही पाठवला तरी बोलणी, पाठवला तरी बोलणी." दोघांचंही बरोबर होतं. मी मेसेज मोजत बसले होते. तिला नेमकं काय कमी पडतंय, ते विचारायचंच राहिलं होतं.

मग तिला डोकेदुखीची वही ठेवायला सांगितली. मेंदूच्या डॉक्टरांकडे आधीच जाऊन आली होती, एमआरआय नॉर्मल. सहा आठवड्यांत अकरा वेळा डोकं दुखलं, त्यातलं नऊ वेळा त्याच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यांत. तेव्हा तो तीनच्या आत बाहेर पडतो आणि घरी यायला साडेबारा होतात. एक सांगून ठेवते, दुखणं खरं होतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कपाळ ठणकायचं थांबत नाही.

"लहानपणी फार आजारी पडायचीस का गं?" मी विचारलं. एव्हाना आम्ही अहो-जाहो सोडलं होतं.

ती पहिल्यांदाच हसली. "पडायचे नाही. पाडून घ्यायचे."

सांगली जिल्ह्यातलं गाव. वडील एसटीत कंडक्टर, आठवड्यातले तीन-चार दिवस मुक्कामी गाडीवर. धाकट्या भावाला फिट्स यायच्या. आई त्याला घेऊन मिरजेला दवाखान्याच्या वाऱ्या करायची, आणि घरी असली तरी तिचा एक कान सतत त्याच्याकडे. ही सात वर्षांची. वेणी आपली आपण घालायची, डबा आपला आपण भरायचा. येणारा-जाणारा म्हणायचा, "मोठी शहाणी आहे हो, हिचं काही बघावंच लागत नाही." हे वाक्य तिनं मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा जसंच्या तसं.

बघावं लागायचं ते फक्त ताप आल्यावर. मग आई मिठाच्या पाण्याच्या घड्या घेऊन उशाशी बसायची. मऊ भात, मेतकूट, वर तूप. वडील मुक्कामावरून येताना मोसंबी आणायचे आणि एकेक फोड सोलून तोंडात घालायचे. भाऊ तेवढा वेळ आजीकडे.

नऊ वर्षांची असताना वर्गातल्या कुणीतरी सांगितलं, काखेत कांदा ठेवला की ताप येतो. आपल्यातल्या निम्म्यांनी तरी हे ऐकलेलं असेल, परीक्षेच्या दिवशी करूनही पाहिलं असेल. हिची परीक्षा नव्हती. अर्धा चिरलेला कांदा काखेत दाबून ती गोधडीत पडून राहिली. ताप काही आला नाही, वास मात्र घरभर झाला. आईनं गोधडी ओढली, हात वर करायला लावला, कांदा घरंगळत चुलीपर्यंत गेला. पाठीत धपाटा बसला. "आणि खरं सांगू? तो धपाटा पण चालला मला. दोन मिनिटं का होईना, ती माझ्याकडे बघत होती."

हे ऐकल्यावर सतरा मिस्ड कॉलचं मला कोडं उरलं नाही.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली. साडेबाराला तो दार उघडतो तेव्हा ही जागीच असते, पण तोंड भिंतीकडे. तो गुपचूप झोपला तर रडते. खांद्यावर हात ठेवला तर म्हणते, "हात काढ." तो म्हणाला, "मी नेमकं करायचं काय?"

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला साधारण वर्षाच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला होता. अनोळखी खोली, खेळणी. आई थोड्या वेळासाठी बाहेर जाते आणि परत येते. त्यांनी बारकाईनं पाहिलं ते आई परतल्यावर काय होतं ते. बरीचशी बाळं आईला बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. काही मात्र घे घे म्हणून हात पसरत आणि कडेवर घेतलं की आईलाच लाथा मारत. घरी जाऊन पाहिलं, तर या बाळांच्या आया कधी लगेच धावायच्या, कधी नाही. नेमकं कधी, याचा बाळाला अंदाजच नसायचा. साडेबाराला भिंतीकडे तोंड करून पडलेली ही बाई मला त्या बाळांच्या जवळची वाटते. पुढे १९८०च्या दशकात सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्याच डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात मोठ्या माणसांच्या प्रेमाबद्दल प्रश्नावली छापली. त्यांच्या वाचकांतल्या साधारण पाचातल्या एकानं स्वतःचं वर्णन असंच केलं : जवळ हवं असतं, आणि हा माणूस टिकेल का, याची धास्ती जात नाही. तिला हा आकडा सांगितला तर म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाही." तेवढ्यानंही तिचे खांदे खाली आले.

लगेच आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची हल्ली फॅशन आहे, रील्सवर तर धंदाच चाललाय. मला ते पटत नाही. फिट येणारं मूल आणि मुक्कामी गाडीवरचा नवरा, यात त्या माउलीनं आणखी काय करायला हवं होतं? आणि बालपणाचा हा शिक्का कायमचाही नसतो. उलटंही बघावं लागतं. नवरा खरोखरच दुर्लक्ष करत असेल, तर बायकोचं बालपण उकरणं हा तिच्यावर अन्यायच. म्हणून मी त्याच्याशी दोनदा वेगळी बोलले. त्याच्या घरात वडील आवाज चढवायचे, त्यामुळे त्याच्यासाठी गप्प राहणं म्हणजे शांतता. तिच्यासाठी गप्प राहणं म्हणजे मिरजेची एसटी निघाली.

अलार्म बंद केले. ठरलं ते एवढंच : रात्री आठला जेवणाच्या सुट्टीत एक फोन, पाच मिनिटं, आणि तो चुकणार असेल तर निघण्याआधी सांगायचं. तिचा गृहपाठ जास्त अवघड होता. डोकं दुखायच्या आधी, धडधाकट असताना म्हणायचं, "आज जरा माझ्याजवळ बस." हे वाक्य पहिल्यांदा उच्चारायला तिला तीन आठवडे लागले. "भीक मागितल्यासारखं वाटतं," म्हणाली. मी म्हटलं, वाटू दे, तरी म्हण. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तो क्रिकेट बघत होता. "ओव्हर संपू दे," म्हणाला आणि ओव्हर संपल्यावर खरंच येऊन बसला. त्या एका ओव्हरचं वर्णन तिनं माझ्याकडे दहा मिनिटं केलं.

दिवाळीत ती माहेरी गेली. कांद्याचा विषय तिनंच काढला. आईला आठवत होतं. आई म्हणाली, "तुला ताप आला की मलाही बरं वाटायचं गं. तेवढंच तुझ्यापाशी बसायला मिळायचं." यावर दोघी काय बोलल्या, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता महिन्यातून एकदा येतात. डोकं अजून दुखतं, पण कमी. मागच्या सेकंड शिफ्टला कारखान्यात काहीतरी बिघाड झाला आणि आठचा फोन राहिला. त्यानं लॉकर उघडला तेव्हा नऊ मिस्ड कॉल होते.

"सतराचे नऊ झाले, मॅडम," तो म्हणाला.

"दहावा लावणारच होते," ती म्हणाली.