कोरवरचा भार मोजतात कसा?

प्रश्न : माझ्या लिनक्स मशीनवर प्रोसेसरच्या दोन कोरवर चार-चार टास्क (चालू असलेली कामं) आहेत. तरी एक कोर पूर्ण व्यस्त आणि दुसरा बराचसा मोकळा. शेड्युलर (कुठली टास्क कोणत्या कोरवर कधी चालेल ते ठरवणारा भाग) काम सारखं वाटून देत नाही का?

उत्तर : टास्कची संख्या सारखी आहे, भार नाही. शेड्युलर शिकवताना रांगेतली डोकी मोजायची सवय मी विद्यार्थ्यांना आधी सोडायला लावते. एक टास्क अखंड आकडेमोड करते. दुसरी कळ दाबली की उठते आणि लगेच झोपते. दोघींना ‘एक’ धरणं अन्यायच.

२०१३ मधल्या ३.८ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्स प्रत्येक टास्कचा हिशेब वेगळा ठेवतो. या पद्धतीला ‘पेल्ट’ (पर-एंटिटी लोड ट्रॅकिंग) म्हणतात. काळाचे १०२४ मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात टास्क किती वेळ कोरवर किंवा रांगेत होती ते बघायचं. जुन्या नोंदीची किंमत सतत घटते. ३२ तुकड्यांनंतर ती निम्मी उरते. मला यातली खरी करामत वाटते ती ही, की इतिहास साठवावाच लागत नाही. एकच बेरीज, तिला दर तुकड्याला ठरावीक गुणक. झोपलेल्या टास्कचा भारही एकदम शून्य होत नाही, हळूहळू विरतो. ती परत उठणार हे गृहीत धरायलाच हवं.

आता नीट लक्ष द्या. ‘लोड’ आणि ‘युटिलायझेशन’ हे दोन वेगळे आकडे आहेत. युटिलायझेशनमध्ये टास्क प्रत्यक्ष कोरवर होती तेवढाच वेळ धरतात, आणि पूर्ण वेळ म्हणजे १०२४. सतत काम मागणाऱ्या, सारख्या प्राधान्याच्या दोन टास्क एकाच कोरवर अडकल्या, तर प्रत्येकीचं युटिलायझेशन १०२४ पैकी सुमारे ५१२ दिसतं, कारण तिला कोर अर्धा वेळच मिळतो. लोडमध्ये मात्र ताटकळण्याचा वेळही धरतात आणि तो प्राधान्याच्या वजनाने मोजतात, म्हणून नाइस (प्राधान्य ठरवणारा आकडा) शून्य असताना दोघींचा लोड १०२४ च्या आसपास जातो. नुसतं युटिलायझेशन पाहिलं तर उपाशी टास्क अल्पाहारी वाटते! (नाइस एकने वाढवला की प्राधान्य घटतं, टास्कचं वजन १०२४ वरून ८२० वर येतं, लोडही त्याच प्रमाणात.)

‘टॉप’ या आज्ञेत दिसणाऱ्या लोड ॲव्हरेजवरून यातलं काही ठरवू नका. तो सगळ्या मशीनचा १, ५ आणि १५ मिनिटांचा आकडा आहे, त्यात डिस्कसाठी खोळंबलेल्या टास्कही येतात.

तुमच्या व्यस्त कोरवरच्या टास्कचे हे दोन्ही आकडे तपासा. एकीचंच युटिलायझेशन १०२४ जवळ असेल तर ती एकटीच कोर भरते आहे. तिचे तुकडे शेड्युलर करू शकत नाही, प्रोग्रामच थ्रेडमध्ये (एकाच वेळी वेगवेगळ्या कोरवर चालू शकणाऱ्या भागांत) विभागावा लागेल. दोघी-तिघींचा लोड मोठा आणि युटिलायझेशन कमी असेल, तर त्या ताटकळत आहेत. मग कुणी त्यांना त्या कोरला ॲफिनिटीने (ठरावीक कोरवरच चालण्याच्या बंधनाने) बांधलं आहे का, ते आधी पाहा.