सारागढीच्या लढाईत शीख सैनिकांच्या पगड्या खरंच केशरी होत्या का?

नाही, खाकी होत्या. केशरी पगडी पडद्यावर शोभून दिसते, पण १२ सप्टेंबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवरची (आज पाकिस्तानात) सारागढीची चौकी पठाणांविरुद्ध लढवणारे ब्रिटिश फौजेच्या ३६व्या शीख पलटणीचे २१ जण रणवेशात होते आणि तेव्हा रणवेश म्हणजे डोक्यापासून खाकी. डोंगरात उठून दिसणारा रंग घालून कोण कशाला उभं राहील? पठाणांच्या नेमबाजांना आयतंच सावज!

ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत खाकी आली तीही याच सरहद्दीवर. पेशावरला १८४६ मध्ये उभ्या राहिलेल्या 'गाइड्स' पथकाने आधी ती वापरली. 'खाक' म्हणजे माती, धूळ. लाल डगला होताच, पण तो संचलनासाठी.

पगडीची गोष्ट मात्र निराळी. शीख रंगरुटाने केस राखावेत, पगडी बांधावी, असा खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांचाच आग्रह असे. श्रद्धेचा मान होता, तसा पलटणीची वेगळी ओळख टिकवण्याचा हिशेबही होता. काही पलटणींत पगडीवर पोलादी चक्र लावत, निहंग या शीख योद्ध्यांसारखं. पुढे दोन्ही महायुद्धांत शिरस्त्राण मिळत असूनही बहुतेक शीख पगडीवरच लढले.

सारागढीतला गुरमुख सिंग मला जास्त आठवतो. तो आरशाच्या यंत्राने, म्हणजे हेलिओग्राफने, जवळच्या ब्रिटिशांच्या लॉकहार्ट किल्ल्याला खबर देत होता. शेवटी त्याने यंत्र बंद करायची परवानगी मागितली, ते नीट पिशवीत भरलं आणि मग बंदूक उचलली.