वाचकांचे प्रश्न : दारावर ‘फ्री टू ऑल’, घरपट्टीवर उपकर

प्रश्न : गेल्या वर्षी मुलीकडे बॉस्टनला गेले असताना तिथल्या शहर ग्रंथालयाच्या दारावर ‘फ्री टू ऑल’ ही अक्षरे दगडात कोरलेली पाहिली. आत हिरव्या दिव्यांच्या लांबच लांब दालनात दोन तास बसले, कोणी काही विचारले नाही. बेळगावात मात्र मी चाळीस वर्षे वर्गणी भरून पुस्तके आणते आहे. आपल्याही वाचनालयाला ‘सार्वजनिक’च म्हणतात, मग वर्गणी कशासाठी? आणि एवढ्या मोठ्या शहर ग्रंथालयाचे नेमके काम तरी कोणते?
— एक निवृत्त शिक्षिका, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्या प्रश्नात ‘सार्वजनिक’ या शब्दाचे दोन निराळे अर्थ समोरासमोर आले आहेत, आणि गंमत अशी की दोन्ही जवळपास एकाच वेळी जन्मले. १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली, तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. मुंबई इलाख्यातील अनेक गावांनी त्या सुमारास हाच धडा गिरवला, १८५० मध्ये कोल्हापुरात तेच झाले, आणि बेळगावच्या वाचनालयाची मुळेही त्याच काळातली आहेत. गावातील शिकलेल्या मंडळींनी वर्गणी काढायची, पुस्तके व वृत्तपत्रे मागवायची आणि जातीचा किंवा हुद्द्याचा दाखला न मागता वर्गणी भरेल त्याला सभासद करून घ्यायचे, असा तो रिवाज होता. येथे ‘सार्वजनिक’ म्हणजे सर्वांना खुले, पण सभासदांच्या खिशावर चालणारे.

त्याच १८४८ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने बॉस्टन शहराला नगरपालिकेच्या पैशातून ग्रंथालय चालविण्याची मुभा दिली. प्रत्यक्ष पुस्तके वाचकांच्या हाती पडायला १८५४ उजाडले, आणि तीही एका शाळेच्या इमारतीतील जागेत. मध्यंतरी, १८५२ मध्ये, लंडनच्या बेअरिंग पेढीतील भागीदार जोशुआ बेट्स यांनी ५०,००० डॉलर देऊ केले. पोरवयात गरिबीमुळे पुस्तके विकत घेता येत नसल्याने ते संध्याकाळी एका पुस्तकाच्या दुकानात बसून वाचत असत. देणगी देताना त्यांनी घातलेल्या अटी वाचण्यासारख्या आहेत : इमारत शहराला शोभा देणारी असावी, शंभर ते दीडशे माणसांना टेबलाशी बसून वाचता येईल एवढी जागा असावी, आणि प्रवेश सर्वांना पूर्णपणे मोफत असावा. आपण ज्या दालनात दोन तास बसलात त्याला त्यांचेच नाव आहे, आणि तो दगडी दरवाजा असलेली इमारत १८९५ ची.

इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने नगरांना घरपट्टीवर पौंडामागे अर्धा पेनी ग्रंथालय कर बसविता येऊ लागला. त्यातून इमारत बांधावी, नोकर ठेवावेत, मात्र पुस्तके घेऊ नयेत, ती दात्यांकडून येतील, अशी त्या कायद्याची अजब तऱ्हा होती. कपाटे आधी आणि पुस्तके मागाहून, हा प्रकार आपल्याकडचाच आहे असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पाच वर्षांनी कर एक पेनी झाला आणि पुस्तकांवर खर्च करण्याची परवानगी मिळाली. राज्यकर्त्यांनी घरी केलेला हा कायदा मुंबई इलाख्यात मात्र आणला नाही, म्हणून आपल्याकडे वर्गणीची चाल टिकून राहिली. बडोद्यात महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून मोफत मध्यवर्ती ग्रंथालय आणि खेड्यापाड्यांत पेटाऱ्यांतून फिरणारी पुस्तके अशी व्यवस्था उभी केली, पण ती संस्थानापुरती.

आता आपल्या घरचा मुद्दा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, नंतर म्हैसूर राज्यात गेले, आणि १९६५ साली तेथे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. या कायद्याने ग्रंथालय उपकर आणला. १९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही, तेथे संस्थांच्या वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते. म्हणजे निपाणीचा माणूस घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर भरतो आणि पलीकडे कागलचा भरत नाही. घरपट्टीची पावती काढून पाहा. कानडी अक्षरांच्या त्या रांगेत आरोग्य आणि भिक्षुक-निवारणाच्या उपकरांच्या जोडीला ‘ग्रंथालय’ असतेच, शंभराला सहा रुपये. घरपट्टी तीन हजार असेल तर एकशे ऐंशी रुपये आपण दरसाल दिलेले आहेत, आणि हा उपकर सरकारी शहर ग्रंथालयासाठी असतो. वर्गणीचे वाचनालय त्यावर चालत नाही. थोडक्यात, इलाख्याच्या काळातील वर्गणी आणि म्हैसूरचा उपकर या दोन्ही चाली आपल्या गावात एकावर एक बसल्या आहेत, आणि आपण दोन्हीकडे पैसे देता.

माझे मत विचाराल तर वर्गणी सोडू नये. नवे मराठी पुस्तक आधी कोठे येते हे आपल्यालाही ठाऊक आहे. मात्र उपकर भरूनही सरकारी ग्रंथालयाची पायरी न चढणाऱ्यांची मला नवलाई वाटते. तेथे मराठी पुस्तके थोडी, ही तक्रार आपण चहाच्या टेबलावर करतो, मागणी मात्र लेखी नोंदवीत नाही. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक असे चार ओळींचे पत्र ग्रंथपालांना देऊन त्याची पोच घ्यावी.

मोठ्या ग्रंथालयाचे काम कोणते, यावरून बॉस्टनमध्येही वाद झाला होता. विश्वस्तांपैकी टिकनॉर यांचे म्हणणे असे की लोकांना आवडणाऱ्या पुस्तकांच्या अनेक प्रती घेऊन त्या घरी न्यायला द्याव्यात, तर एव्हरेट यांना अभ्यासकांनी जागीच बसून वाचावयाचा संग्रह हवा होता. टिकनॉर यांचा आग्रह मान्य झाला, तरी मोठ्या ग्रंथालयाला दोन्ही करावेच लागते. सकाळी आपल्याकडच्या वाचनकक्षात डोकावावे. एका टेबलावर पेन्शनर मंडळी ‘तरुण भारत’ची पाने सुटी करून वाटून घेतात आणि शेवटचे पान कोणाकडे आहे यावरून हलक्या आवाजात कुरबुर चालते, तर दुसऱ्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची मुले स्वतःचीच पुस्तके उघडून बसलेली असतात. त्यांना ग्रंथालयाचे एकही पुस्तक नको असते, हवी असते ती जागा, पंखा आणि शांतता. बेट्स यांची दीडशे खुर्च्यांची अट अशाच मुलांसाठी होती.

प्रश्न : वडिलांनी जमविलेले जुने दिवाळी अंक, गावच्या यात्रेची पत्रके आणि शाळेची स्मरणिका घरात पडून आहेत. ग्रंथालय घेईल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : दिवाळी अंक बहुधा घेणार नाही, बाकीचे घ्यावे यासाठी आपणच आग्रह धरावा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील एकेका ग्रंथालयाकडे स्वखर्चाने पाठवावयाची असते, त्यामुळे छापील पुस्तक कोठेतरी सापडते. यात्रेचे पत्रक त्या वाटेने जात नाही. पोत्यात भरून दारात नेऊन ठेवू नये. आधी साल आणि गाव लिहून यादी करावी, ती ग्रंथपालांना दाखवावी, गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्टी मुळीच लावू नये, कारण ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरेच खाते.