तानवेइ म्हणजे युनियन नव्हे हो!

प्रश्न आलाय की चिनी 'दानवेई'ला (म्हणजे शहरातला माणूस जिथे कामाला, ती संस्था) मराठीत कामगार संघटना म्हणावं की कार्यालय. दोन्ही नको. संघटना तर अजिबातच नको, हे इतक्यांदा ऐकलंय की डोकं उठतं. युनियनला चिनीत वेगळा शब्द आहे, कुंगहुइ. आणि उच्चारही दानवेई नाही, रोमन लिपीत डी दिसला की आपण द नाहीतर ड करून मोकळे होतो, पण चिनी रोमनातला तो डी म्हणजे जवळपास आपला त. म्हणून तानवेइ. (दानवे आडनावाचा काही संबंध नाही, कृपया विचारू नये.)

शब्दाचा अर्थ युनिट. माओच्या काळात शहरातला माणूस बहुतेक कुठल्या ना कुठल्या तानवेइचा असायचा, मग तो कारखाना असो, शाळा असो नाहीतर सरकारी खातं. राहायची खोली तिथून, दवापाणी तिथून, आणि लग्न करायचं तरी तिथलं पत्र लागायचं, ही अट थेट २००३ साली गेली! अनोळखी माणसाला आधी विचारायचे, 'कुठल्या तानवेइचे?' आपल्याकडे 'गाव कुठलं तुमचं?' विचारतात ना, तसं.

पण खरी मजा पुढे आहे. चीनमधल्या चान बौद्ध पंथाच्या मठात (चान म्हणजे आपलंच ध्यान, 'काय ध्यान आहे' मधलं; जपानात त्याचंच झेन झालं) प्रत्येक भिक्षूची ओट्यावर एक ठरलेली जागा असायची आणि तिथे त्याच्या नावाची चिठ्ठी. ती चिठ्ठी म्हणजे तान, वेइ म्हणजे जागा. ध्यान तिथंच, जेवण तिथंच, झोपही तिथंच! फिरस्ता भिक्षू मठात उतरला की त्याला अजूनही 'क्वा तान' म्हणतात, म्हणजे चिठ्ठी टांगणं. आता कोशवाले मंडळी सांगतात की आजचा अर्थ जपानी 'तान-इ'वरून आला, मापाचं एकक, मीटर-लिटरवालं. कबूल. पण जपानी झेन मठातही भिक्षूच्या बसायच्या जागेला तानच म्हणतात, ते कुणी बघायचं? एकक एकक करत बसलं की शब्दातला माणूसच दिसत नाही. माझं आपलं मत, कारखान्याच्या आवारात राहणं-खाणं-काम सगळं एकत्र आलं तेव्हा मठाचीच जुनी जागा परत मांडली गेली, फरक एवढाच की मठात जागेला माणसाचं नाव होतं आणि इथे माणसाला जागेचं नाव लागलं. तेही कधी नुसता आकडा, बीजिंगमधला ७९८ नंबरचा कारखाना घ्या, पूर्व जर्मनीच्या मदतीने बांधलेला, आता तिथे चित्रांच्या गॅलऱ्या आहेत.

गावाकडच्या शेतकऱ्याला मात्र तानवेइ नव्हतं, तो कम्यूनमधल्या, म्हणजे सामुदायिक शेतीतल्या, उत्पादन तुकडीचा.

हां, मराठी शब्द राहिलाच. युनिट म्हणा की सरळ. चाकणचा माणूस 'आज आमच्या युनिटला सुट्टी' म्हणतोच, फक्त लग्नाला त्याला युनिटचं पत्र लागत नाही.